ठरावीक वेळीच रखडणारा ऑफिसचा मेल सर्व्हर: दुखणं शोधायचं कसं

सकाळी साडेदहा ते बारा मेल रखडतो, मग आपोआप सुरळीत होतो. किंवा दर महिन्याचा पहिला सोमवार हमखास वाईट जातो. किंवा एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतर सगळं जड होतं आणि दिवे लागणीला परत मोकळं. वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांपासून हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांपर्यंत, नागपुरात जिथे जिथे कंपनीचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे, तिथे ही तक्रार कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकू येते: "सर, मेल नुसता फिरूनच राहिला." त्यावरचा उपायही बहुतेक ठिकाणी एकच असतो, सर्व्हर रिस्टार्ट करा.

माझं सांगणं एवढंच आहे की रिस्टार्ट करू नका, निदान त्या क्षणी तरी नाही. परत परत येणाऱ्या मंदपणाला स्वतःचं वेळापत्रक असतं आणि ते वेळापत्रक हाच सगळ्यात मोठा पुरावा. रिस्टार्ट केला की चालू असलेलं जड काम मध्येच तुटतं, सगळ्यांची कनेक्शन सुटतात, म्हणून थोडा वेळ बरं वाटतं. पण डिस्क कोण खात होतं, रांगेत किती मेल अडकले होते, मेमरी कुठे गेली होती, हे सगळं पुसलं जातं. मेमरीत जमलेला फाइलींचा कॅशेही रिकामा होतो, त्यामुळे नंतर प्रत्येक गोष्ट डिस्कवरून नव्याने वाचावी लागते. म्हणजे आजार तसाच राहिला आणि खुणाही गेल्या.

खालची उदाहरणं लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-स्वीकारणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स उघडून देणारा प्रोग्रॅम) चालवणाऱ्या सर्व्हरची आहेत. लहान-मध्यम ऑफिसांत हीच जोडी जास्त दिसते. मायक्रोसॉफ्टचं एक्स्चेंज असेल तर कमांड बदलतील, शोधायची दिशा बदलत नाही.

"स्लो" म्हणजे नेमकं काय स्लो?

तक्रार आली की आधी हे वेगळं करून घ्या: मेल पाठवताना अडकतो, बाहेरून उशिरा येतो, उघडताना किंवा फोल्डर बदलताना वेळ लागतो, की शोधताना? पाठवणं पोस्टफिक्सचं काम, उघडणं डव्हकॉटचं आणि डिस्कचं, उशिरा येणं बऱ्याचदा स्पॅम-व्हायरस तपासणीचं. चारही तक्रारींना लोक एकच शब्द वापरतात आणि तिथेच शोध भरकटतो.

दुसरा प्रश्न, वेबमेलवर पण तसंच होतं का? वेबमेल चटकन उघडतोय आणि फक्त आउटलुक रांगतंय, तर सर्व्हरला हात लावायची गरज नाही. त्या मशीनवरची फुगलेली फाइल, एखादं ॲड-इन किंवा नेटवर्क शेअरवर ठेवलेली पीएसटी फाइल (आउटलुकचा मेलसाठा) बघा. पीएसटी शेअर ड्राइव्हवर ठेवून वापरणं मायक्रोसॉफ्टलाच मान्य नाही, तरी कित्येक अकाउंट्स विभागांत ती तशीच सापडते.

तिसरी गोष्ट प्रश्नाची नाही, घड्याळाची आहे. माणसाशेजारी बसा आणि किती सेकंद लागतात ते मोजा. दर वेळी पाच, दहा, पंधरा असे पाचाच्या पटीत सेकंद जात असतील तर संशय सरळ डीएनएसवर (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेवर) घ्या. एकदा दोन सेकंद, एकदा चाळीस, एकदा सात असं काहीही होत असेल तर बहुधा डिस्क.

लॉगमधली एक ओळ नीट वाचा

पोस्टफिक्स प्रत्येक मेलमागे लॉगमध्ये "डिले" आणि "डिलेज" असे दोन आकडे लिहितो. ही ओळ रोज डोळ्यांसमोरून जाते, पण थांबून वाचणारे कमी. समजा असं दिसलं:

डिले = ४२, डिलेज = ०.३/०.०१/४०/१.७

तिरक्या रेघांनी वेगळे केलेले हे चार आकडे म्हणजे चार टप्पे. पहिला, मेल आत येऊन रांगेच्या व्यवस्थापकाच्या हाती पडेपर्यंतचा वेळ. दुसरा, व्यवस्थापकाकडे गेलेला. तिसरा, समोरच्या सर्व्हरशी कनेक्शन जुळवायला लागलेला. यात डीएनएस, ओळखपाळख आणि टीएलएस (कनेक्शन सुरक्षित करणं) सगळं आलं. चौथा, प्रत्यक्ष मेल ओतायला लागलेला. वरच्या उदाहरणात ४० सेकंद तिसऱ्या टप्प्यात गेलेत. म्हणजे डिस्क निर्दोष, मेमरी निर्दोष. एक तर नाव शोधायला वेळ लागतोय किंवा समोरचा सर्व्हर दार उघडायला उशीर करतोय. हेच ४० चौथ्या जागी असते आणि पुढचा मुक्काम तुमचाच स्पॅम-व्हायरस फिल्टर असता, तर फिल्टर गुदमरलाय असा अर्थ झाला. एक सावधगिरी ठेवा: एकदा डिफर होऊन (पुढे ढकलला जाऊन) परत निघालेल्या मेलचा पहिला आकडा फुगलेला असतो, कारण तो थांबलेला काळ त्यातच मोजला जातो. त्यावरून सर्व्हरला दोष देऊ नका.

मंद तासातल्या अशा पन्नासेक ओळी काढा आणि चांगल्या तासातल्या पन्नास ओळींशेजारी ठेवा. चारपैकी कोणता आकडा वाढलाय ते दिसलं की अर्धं काम झालं.

सकाळचा मंदपणा: बॅकअप संपलाच नाही

रोज सकाळी दोनेक तास रडणाऱ्या सर्व्हरवर मी पहिल्यांदा बॅकअप किती वाजता संपतो ते बघतो. सुरू किती वाजता होतो हे सगळ्यांना तोंडपाठ असतं; संपतो कधी, हे विचारलं की शांतता पसरते.

मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेल म्हणजे एक स्वतंत्र फाइल. पाचसहा वर्षं चाललेल्या, शंभरेक लोकांच्या ऑफिसात अशा फाइलींची संख्या सहज लाखांत जाते. आरसिंकने (फक्त बदललेल्या फाइली कॉपी करणाऱ्या टूलने) रात्री अकराला बॅकअप लावलेला असतो. आज नवीन मेल थोडेच आले असले, तरी काय बदललं हे कळण्यासाठी आरसिंकला प्रत्येक फाइलीची नोंद तपासावी लागते. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी साधी हार्ड डिस्क विखुरलेली वाचनं सेकंदाला शंभराच्या आसपासच करू शकते. चाळीस लाख फाइली आणि प्रत्येकीसाठी एक वाचन धरलं, तर चाळीस हजार सेकंद, म्हणजे अकरा तास झाले. हिशोब ढोबळ आहे. प्रत्यक्षात एका वाचनात शेजारच्या बऱ्याच नोंदी मिळतात आणि काही कॅशेत असतात, म्हणून वेळ कमी लागतो. पण मेलसाठा वाढतो तशी संपायची वेळ पुढे सरकते. तीन वर्षांपूर्वी पहाटे चारला संपणारा बॅकअप आज साडेअकराला संपतोय आणि दहाला सगळे मेल उघडून बसलेत. कुठलीही सेटिंग कुणी बदललेली नाही, म्हणूनच "काल तर बरा चालून राहिला होता" हे वाक्य खरं असतं.

खात्री करायला त्या तासात आयओस्टॅट (डिस्कवरचा ताण दाखवणारी कमांड) विस्तारित पर्यायाने, पाच सेकंदांच्या अंतराने चालवा. वाचन आणि लेखनासाठी अवेट नावाचे रकाने दिसतील. एका मागणीला किती मिलिसेकंद लागले ते त्यात असतं. साध्या डिस्कवर ते दहा-पंधराच्या आसपास असावेत. शंभरावर, दोनशेवर टिकून असतील तर डिस्कपुढे रांग लागलेली आहे. टक्केवारीत दाखवलेल्या वापराच्या रकान्यावर मात्र फार विसंबू नका. एसएसडी किंवा रेडवर (अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या रचनेवर) अनेक मागण्या एकाच वेळी भागतात, त्यामुळे तो रकाना शंभर दाखवूनही डिस्कला दम असू शकतो. टॉप कमांडमधला "डब्ल्यूए" आकडाही (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) वर असेल. मग आयओटॉप लावा, दोषी प्रोसेसचं नावच समोर येतं.

उपायांत माझी पसंती ठरलेली आहे. आजच्या आज करता येण्यासारखं म्हणजे बॅकअप संध्याकाळी आठला सुरू करणं आणि सकाळी आठला तो चालू असेल तर थांबवणं. आरसिंक दुसऱ्या रात्री उरलेलं उचलतो. पण सलग काही रात्री तो पूर्ण झालाच नाही तर तुम्हाला कळवणारा इशारा त्यासोबत लावलाच पाहिजे, नाहीतर मेल जलद झाला आणि बॅकअप गेला अशी गत होईल. आयओनाइस कमांडने बॅकअपचं प्राधान्य कमी करायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण डिस्कचा शेड्यूलर (मागण्यांचा क्रम लावणारा भाग) "नन" असेल तर त्याचा काही उपयोग होत नाही, तेव्हा आधी तो तपासा. खरा इलाज म्हणजे मेलसाठा एसएसडीवर नेणं. तेवढं बजेट नसेल तर निदान पोस्टफिक्सची रांग आणि डव्हकॉटचे इंडेक्स (मेलच्या याद्या) तरी लहानशा एसएसडीच्या जोडीवर न्या. इंडेक्सची जागा वेगळी देण्याची सोय डव्हकॉटमध्ये आहे. फोल्डर उघडताना सगळ्यात जास्त वाचन त्या इंडेक्सचंच होतं, त्यामुळे एवढ्या बदलानेही लोकांना फरक जाणवतो.

पहिला सोमवार

ही गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. लिनक्सच्या डेबियन आणि उबुंटू घराण्यात सॉफ्टवेअर रेड असेल तर महिन्याच्या पहिल्या रविवारी पूर्ण ॲरेची (डिस्कसंचाची) तपासणी आपोआप सुरू होते. डेबियनवर जुनी ठरलेली वेळ रात्री १२ वाजून ५७ मिनिटं. आठ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटने सलग वाचली तरी बावीस तास लागतात. मधे बॅकअपची भर पडली की तपासणी सोमवारच्या कामाच्या वेळेत घुसते. "एमडीस्टॅट" या फाइलमध्ये तपासणी किती टक्के झाली आणि किती वेळ उरला ते लिहिलेलं असतं. तपासणी बंद मात्र करू नका. डिस्क सडतेय हे वेळेत कळण्याचा तोच मार्ग आहे. तिची कमाल गती कमी करा, नाहीतर शुक्रवारी रात्री सुरू होईल अशी वेळ बदला.

पाच सेकंदांचं कोडं: डीएनएस

पाठवताना मेल अडकतो, लहान असो की मोठा सारखाच अडकतो, आणि मग एकदम जातो. ही डीएनएसची ओळख. लिनक्सचा रिझॉल्व्हर (डीएनएसला नाव विचारणारा भाग) एका डीएनएस सर्व्हरची पाच सेकंद वाट बघतो, मग पुढच्याकडे जातो. यादीतला पहिला सर्व्हर बंद पडला असेल तर प्रत्येक चौकशीला पाच सेकंदांचा दंड बसतो. आणि एका मेलमागे चौकशी एकच नसते.

यातला सर्वात लपलेला प्रकार ऑफिसच्या आतल्या पत्त्यांचा आहे. कुणाचंही मशीन पोस्टफिक्सला जोडलं की पोस्टफिक्स त्या पत्त्याचं नाव उलटा शोध घेऊन विचारतो. १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्याचं उत्तर बाहेरच्या जगात कुणाकडेच नसतं. बाहेरचा सर्व्हर लगेच "नाही" म्हणाला तर ठीक, पण तो गप्प बसला किंवा फायरवॉलने ते उत्तर गिळलं, की आउटलुक "पाठवत आहे" वर लटकतं. इंटरनेटची लाइन ज्या वेळेत भरते त्याच वेळेत हे वाढतं, म्हणून त्यालाही वेळापत्रक असल्यासारखं वाटतं.

मेल सर्व्हरवरच अनबाउंड (स्वतःचा डीएनएस सर्व्हर) बसवा आणि सर्व्हरला स्वतःलाच विचारायला लावा. खासगी पत्त्यांच्या उलट्या शोधाला अनबाउंड मुळातच जागेवर "नाही" म्हणतो, बाहेर जात नाही. दुसरा फायदा स्पॅम तपासणीचा. स्पॅमहाउससारख्या, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या याद्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या चौकशांना खरं उत्तर देत नाहीत. तिथून विचारत राहिलात तर वेळही जातो आणि स्पॅमही अडत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, खर्च शून्य, आणि डीएनएसवर संशय असेल तर मी दुसरं काही बघण्याआधी हे करून टाकतो.

मेमरी आणि व्हायरस तपासणी

क्लॅमएव्ही हा व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम आपली सगळी व्हायरसओळख मेमरीत ठेवतो. एक जीबीपेक्षा जास्त जागा त्यालाच लागते. नवीन डेटाबेस आला की ०.१०३ आवृत्तीपासून तो जुना हातात ठेवून नवा शेजारी उभा करतो, म्हणजे तेवढा वेळ दुप्पट मेमरी लागते. चार जीबीच्या सर्व्हरवर तेवढ्यात स्वॅप (मेमरी अपुरी पडल्याने डिस्क वापरणं) सुरू होतं आणि काही मिनिटं सगळंच गोठतं. व्हीएमस्टॅट कमांडमध्ये "एसआय", "एसओ" हे स्वॅपचे रकाने शून्याबाहेर हलताना आणि फ्रेशक्लॅमच्या (नवीन डेटाबेस आणणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लॉगमधली वेळ जुळताना दिसली तर निदान पक्कं. मेमरी वाढवा. ते शक्य नसेल तर ही समांतर लोडिंगची सोय सेटिंगमधून बंद करा. मग त्या अवधीत तपासणी थांबते, मेल थोडा उशिरा येतो, पण सर्व्हर लोळत नाही.

महिनाअखेर आणि बिल्ट्या

वाडीसारख्या भागात ट्रान्सपोर्टची ऑफिसं खूप, आणि महिनाअखेरीला बिलांसोबत बिल्ट्यांचे (मालवाहतुकीच्या पावत्यांचे) स्कॅन पाठवायची घाई. स्कॅनर ६०० डीपीआय, रंगीत असाच लावलेला. चुरगळलेल्या गुलाबी-पिवळ्या कार्बन कॉप्या तशाच ठेवून दाबलं बटण, की पंधरा एमबीची पीडीएफ तयार. मेलमध्ये जोडताना बेस६४ मुळे ती तिसरा हिस्सा आणखी फुगते, वीस एमबीच्या पुढे जाते. तीस वेगवेगळ्या कंपन्यांना एकच मेल धाडला तर पोस्टफिक्स प्रत्येक डोमेनला वेगळी प्रत पाठवतो. सहाशे एमबी, दहा एमबीपीएसच्या अपलोडवर आठ मिनिटं लाइन पूर्ण भरलेली. त्या आठ मिनिटांत बाकी सगळ्यांचा मेल, फोन, टॅलीचं रिमोट कनेक्शन, सगळं खुंटतं. आणि असा मेल पाठवणारा टेबलावर एकटा नसतो.

इथे सर्व्हरपेक्षा स्कॅनरकडे जा. २०० डीपीआय, ग्रेस्केल. बिल्टीवरचा गाडी नंबर आणि शिक्का व्यवस्थित वाचता येतो आणि फाइल एक-दीड एमबीच्या आसपास उतरते. बदल केल्यावर एक प्रिंट काढून बिलिंगवाल्या ताईंना दाखवा. त्यांनी "दिसतंय बरोबर" म्हटलं तरच ती सेटिंग टिकते, नाहीतर पुढच्या महिन्यात कुणीतरी परत रंगीत करून ठेवतं.

शाखेतून उघडणारा सामाईक मेलबॉक्स

"डिस्पॅच" किंवा "अकाउंट्स" नावाचा एकच मेलबॉक्स सीताबर्डीच्या हेड ऑफिसात नीट चालतो, बुटीबोरीच्या प्लांटमध्ये मात्र सारखा पासवर्ड मागतो किंवा ताजा होत नाही. प्लांटमधली सगळी मशीन बाहेरून एकाच पत्त्याने दिसतात, आणि डव्हकॉट एका पत्त्यावरून एका युजरला मुळात दहाच आयमॅप (मेल वाचायची) कनेक्शन देतो. थंडरबर्ड एकटाच पाच घेतो. लॉगमध्ये कनेक्शनची मर्यादा ओलांडल्याची नोंद सापडेल. मर्यादा चाळीस-पन्नास करा, झालं.

शोधाबद्दलही एवढंच: मेलच्या मजकुरात शोधताना पूर्ण मजकुराचा इंडेक्स नसेल तर डव्हकॉटला एकेक मेल उघडून बघावा लागतो. फ्लॅटकर्व्ह किंवा सोलर असा शोध-इंडेक्स लावल्याशिवाय तो वेळ कमी होत नाही.

एप्रिल-मेच्या दुपारी

आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाणं नेहमीचं आहे, आणि सर्व्हर बऱ्याचदा जिन्याखालच्या किंवा गच्चीलगतच्या खोलीत असतो. दुपारी एसीचं बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात तापतं, खोलीतली उष्णता बाहेर फेकू शकत नाही. प्रोसेसर स्वतःला वाचवायला गती कमी करतो. कर्नलच्या लॉगमध्ये तापमान मर्यादेपलीकडे गेल्याने क्लॉक कमी केल्याची ओळ येते. ती दुपारच्याच वेळेची असेल तर मेलच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी असा ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने शिफारस केलेला पट्टा आहे. पाण्याचा कूलर त्या खोलीत कधीच लावू नका. तो ओल भरतो, आणि उन्हाळाभर पाण्याचे थेंब आणि क्षार उपकरणांवर बसत राहतात.

तापमान एकाच मापकावर ठरवू नका. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याला नंतर सांगावं लागलं. आयपीएमआयचा (सर्व्हरच्या स्वतःच्या सेन्सरचा) आकडा, डिस्कचा स्मार्ट आकडा (डिस्क स्वतः नोंदवते तो) आणि सर्व्हरसमोर टांगलेला साधा थर्मामीटर, तिन्ही जुळवा.

उष्णतेचा दुसरा बळी रेड कार्डाची बॅटरी. ती लवकर म्हातारी होते, आणि ती नापास झाली की बरीच कार्डं लेखनाचा कॅशे बंद करून थेट डिस्कवर लिहू लागतात. पोस्टफिक्स प्रत्येक मेल डिस्कवर पक्का बसल्याशिवाय "मिळाला" म्हणत नाही, म्हणून त्याचा फटका पहिल्यांदा मेललाच बसतो. काही कार्डं ठरावीक काळाने बॅटरी रिकामी करून परत भरतात. तेवढे तासही लेखन असंच रखडतं आणि कुणाला कारण सुचत नाही. कार्डाच्या टूलमध्ये कॅशेची सध्याची स्थिती आणि बॅटरीची शेवटची चाचणी दोन्ही बघा. बॅटरी गेली असेल तर नवी बसेपर्यंत कॅशे जबरदस्तीने चालू ठेवायचा मोह टाळा. वीज गेली आणि यूपीएसनेही दगा दिला तर कॅशेतले मेल कायमचे गेले.

तक्रार बंद कधी करायची

सिसस्टॅटची (सर्व्हरचे आकडे साठवणाऱ्या टूलची) नोंद चालू ठेवा. काही वितरणांत ती मुळात बंद असते, आणि चालू केली तरी दर दहा मिनिटांनी एकच आकडा घेते. तो अवधी एक मिनिटावर आणा. सगळ्या मशीनची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सोयीने) जुळलेली हवीत, नाहीतर आउटलुकमधली वेळ आणि लॉगमधली वेळ जुळवताना भलताच दोषी सापडतो.

एका वेळी एकच बदल करा आणि तो तारीख-वेळेसह लिहून ठेवा. सकाळच्या मंदपणासाठी आठवडाभर साडेदहाचे आकडे बघा. पहिल्या सोमवारचा त्रास असेल तर पुढचा पहिला सोमवार दुपारपर्यंत जाऊ द्या, बिल्ट्यांचा असेल तर पुढची महिनाअखेर. तोपर्यंत साहेबांनी विचारलं तर "बदल केलाय, अमुक तारखेला कळेल" असं तारखेसकट सांगा आणि त्या दिवशी त्या वेळेला आयओस्टॅट उघडून बसा.